माळरानावरचा यंत्रकार

पुण्याहून नगर रस्त्याने बाहेर पडले की खराडीनंतर वाघोली लागते. २०२१ मध्ये हे गाव पुणे महापालिकेच्या हद्दीत आले. आज तिथे उंच इमारती, महाविद्यालये आणि वाहनांच्या रांगा दिसतात. परंतु एक-दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत वाघोली हे हवेली तालुक्यातील इतर गावांसारखेच शेतीवर जगणारे गाव होते. खरिपात बाजरी, रब्बीत ज्वारी आणि विहिरीला पाणी असेल तेथे थोडे बागाईत, असा या पट्ट्याचा परिपाठ. मृग नक्षत्र जवळ आले की गावोगावच्या सुतारनेटापुढे पाभरी येऊन पडत. कुणाचे चाडे फुटलेले असे, कुणाच्या दात्या झिजलेल्या असत, तर कुणाची दिंड पोचट झालेली असे. पाऊस येण्यापूर्वी हे सारे ठाकठीक व्हावे म्हणून सुतार आणि लोहार यांच्या हातांना उसंत नसे.

पाभर म्हणजे आपले परंपरागत पेरणी यंत्र. विदर्भ-मराठवाड्यात तिचीच बहीण तिफण या नावाने ओळखली जाते. आडव्या लाकडी दिंडीत ओळीने बसविलेले दाते, प्रत्येक दात्यामागे एक पोकळ नळी आणि या साऱ्या नळ्या जेथे एकत्र येतात तेथे लाकडी चाडे. चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईच्या किंवा बाप्याच्या बोटांतून बी सारख्या प्रमाणात सुटले, तरच शेतात रोपांची ओळ नीट उगवे. इंग्लंडमध्ये जेथ्रो टल याने १७०१ च्या सुमारास पेरणी यंत्र तयार केले, असे शेतीच्या इतिहासात नमूद असते. मात्र ओळीत पेरण्याची ही विद्या आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून रुळलेली होती. १८८९ मध्ये भारतीय शेतीची पाहणी करण्यासाठी आलेल्या जॉन व्होल्कर या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात येथील शेतकऱ्याच्या कौशल्याचे मोकळेपणाने कौतुक केले आणि त्याची साधी अवजारे त्याच्या परिस्थितीला अनुरूप असल्याचे मान्य केले. या अवजारांचा सर्वांत मोठा गुण असा, की ती गावातच बनत आणि गावातच दुरुस्त होत. मोबदला पैशांत नव्हे, तर सुगीच्या वेळी बलुत्याच्या धान्यात दिला जाई.

अशा या बंदिस्त आणि आपल्यापुरत्या पूर्ण असलेल्या जगात लोखंडी अवजार घेऊन शिरण्याचे धाडस ज्या मराठी माणसाने केले, त्याचे नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. पंप आणि इंजिने यांच्यामुळे हे आडनाव शहरी वाचकाला परिचित आहे. परंतु या सगळ्या पसाऱ्याच्या मुळाशी एक नांगर आहे, आणि तो नांगर विकला जात नव्हता, ही गोष्ट आज बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. २० जून हा लक्ष्मणरावांचा जन्मदिवस. तो नेमका पेरणीच्या धांदलीत यावा, हा एक सुखद योगायोगच म्हणायचा.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. घरचे वातावरण विद्येचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी म्हणून ओळखले जात. धाकट्या लक्ष्मणाचे मन मात्र शाळेच्या पुस्तकात रमले नाही. त्याचा ओढा चित्रकलेकडे आणि हाताने काही करून पाहण्याकडे होता. थोरल्या भावाने पाठबळ दिले आणि १८८५ मध्ये तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. येथे नियतीने पहिला तडाखा दिला. दोन वर्षे शिकल्यावर लक्षात आले, की त्याला काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने यापेक्षा मोठा आघात कोणता असणार? पण रंग हातचे गेले तरी रेषा शिल्लक होती. लक्ष्मणराव यंत्रांच्या आरेखनाकडे वळले आणि भायखळ्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत याच विषयाचे सहायक शिक्षक म्हणून काम करू लागले.

संस्थेच्या कार्यशाळेत यंत्रे होती. शिकवण्याचे तास संपले, की लक्ष्मणराव तेथे रमत. यंत्र उघडायचे, त्याचा प्रत्येक भाग काय करतो ते समजून घ्यायचे आणि पुन्हा जोडायचे, ही सवय त्यांना तेथे लागली. याच काळात सायकल हे नवे वाहन मुंबईत दिसू लागले होते. त्यांनी ते आत्मसात केले. १८८८ मध्ये वडीलबंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावला सायकलींचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकत. त्या काळी एका सायकलीची किंमत ७०० ते १,००० रुपयांच्या घरात होती आणि ती चालवायला शिकविण्याचे पंधरा रुपये घेतले जात. किर्लोस्कर ब्रदर्स ही पाटी प्रथम लागली ती या दुकानावर.

संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन शिक्षकाला देण्यात आली. स्वाभिमानी लक्ष्मणरावांनी नोकरीला रामराम ठोकला आणि बेळगावची वाट धरली. सायकलीच्या धंद्यात आता इतर दुकानदारही उतरले होते. शिवाय दुसऱ्याने बनविलेली वस्तू विकण्यात त्यांच्यातील यंत्रकाराला समाधान नव्हते. स्वतः काही निर्माण करायचे, तर ते कुणासाठी? बेळगावच्या आसपास ज्याच्याकडे पाहावे तो शेतकरी होता. म्हणून पहिली वस्तू ठरली ती कडबा कापण्याचे यंत्र. अख्खा कडबा टाकला, तर गुरे पाने खातात आणि जाड बुडखे तुडवून वाया घालवतात. तोच बारीक करून दिला तर वैरण पुरते. हा हिशेब शेतकऱ्याला पटण्यासारखा होता. त्यानंतर त्यांनी हात घातला तो लोखंडी नांगराला.

लाकडी नांगर जमीन फाडतो, पण ती उलथत नाही. लोखंडी नांगराचे वक्र पाते फाळाने कापलेला मातीचा थर उचलून पालथा घालते. त्यामुळे हरळीसारख्या चिवट तणाच्या मुळ्या उघड्या पडतात. अशा इंग्रजी बनावटीच्या नांगरांचा नमुना समोर ठेवून लक्ष्मणरावांनी आपले नांगर ओतले. ते चांगले झाले. पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत पसरलेली होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. दोन वर्षे ते कारखान्यात धूळ खात पडून होते आणि भांडवल त्यात अडकलेले होते.

ही हकीकत सांगताना शेतकऱ्याच्या अंधश्रद्धेला हसण्याची आपल्याकडे प्रथा आहे. पण थोडे थांबून विचार केला, तर त्या नकारामागे शहाणपणही दिसेल. लाकडी नांगर मोडला तर बांधावरची बाभूळ आणि गावचा सुतार पुरेसा होता. त्याच्या पोलादी फाळाचे टोक बोथट झाले, तर लोहार ते भट्टीत तापवून, ठोकून पुन्हा अणकुचीदार करी. ओतीव लोखंडाची जात निराळी. ते घणाखाली वाकत नाही, तडकते. म्हणजे ओतीव फाळ झिजला, की गावचा लोहार त्याला हात लावू शकत नाही. नवाच फाळ आणावा लागतो. ऐन नांगरटीत फाळ मोडला आणि तो मिळण्याचे ठिकाण शंभर मैलांवर असले, तर त्या शेतकऱ्याचा हंगामच बुडाला. शिवाय या नांगराला ओढ जास्त लागे, म्हणजे बैलही अधिक लागत. ज्याची सारी मालमत्ता एक बैलजोडी आणि काही एकर कोरडवाहू रान, त्याने अशा वस्तूवर पैसे घालण्यापूर्वी दहा वेळा विचार केला, तर त्यात नवल ते काय?

लक्ष्मणरावांचे मोठेपण असे, की ग्राहक अडाणी आहे असा निष्कर्ष काढून ते स्वस्थ बसले नाहीत. येथे प्रश्न नुसत्या विक्रीचा नव्हता. अवजार विकणाऱ्याला त्या अवजाराच्या पुढील आयुष्याचीही जबाबदारी घ्यावी लागते. फाळ सतत मातीशी घासला जातो, म्हणून तो कठीण हवा. पण खडकावर आपटल्यास तुटू नये, म्हणून तो फार ठिसूळही नको. लोखंडाची प्रत, भट्टीची आच आणि साच्यातील थंड होण्याचा वेग या तिन्हींचा मेळ बसला, तरच हे साधते. एकाच साच्यातून निघालेला भाग त्या जातीच्या कोणत्याही नांगराला बसला पाहिजे, हीदेखील त्यातलीच गरज. गावच्या सुताराने केलेल्या पाभरीचे दोन दाते कधी हुबेहूब सारखे नसत आणि तशी आवश्यकताही नव्हती. कारखान्यात बनलेल्या अवजाराला मात्र सुटा भाग हाच प्राण असतो.

धंदा जरा कुठे रुळू लागला, तोच बेळगाव शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली. उभी यंत्रे घेऊन जायचे कोठे? या संकटात औंध संस्थानाचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. १९०९ मध्ये गादीवर आलेले बाळासाहेब स्वतः चित्रकार आणि कलांचे भोक्ते होते. औंध येथे सभामंडप उभारण्याचे काम लक्ष्मणरावांनी केले होते, त्यामुळे या माणसाची कुवत त्यांना ठाऊक होती. त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन दिली आणि कर्जाचीही सोय केली.

जमीन मिळाली, पण ती कशी? निवडुंग माजलेले, सापांचा सुळसुळाट असलेले ओसाड माळरान. १९१० मध्ये लक्ष्मणराव पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन तेथे गेले. निवडुंग तोडला गेला, राहुट्या आणि झोपड्या उभ्या राहिल्या, कारखान्याचे छप्पर चढले. आज सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच. पुढे रेल्वे स्थानकानेही कुंडल रोड हे नाव टाकून किर्लोस्करवाडी हेच नाव धारण केले.

या वसाहतीत जमलेली माणसे पाहिली, म्हणजे लक्ष्मणरावांच्या स्वभावाचा आणखी एक पैलू ध्यानात येतो. शंभोराव जांभेकर यांनी कारखान्याच्या यांत्रिक बाजूची जबाबदारी पेलली. के. के. कुलकर्णी शाळेत नापास झालेले. ते वसाहतीचे व्यवस्थापक झाले. मंगेशराव रेगे यांनी कारकुनी आणि हिशेब सांभाळले. शिक्षण अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर कल्पक अभियंता म्हणून नावारूपाला आले. इतकेच नव्हे, तर तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग या शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर रात्रीच्या पहाऱ्याचे काम सोपविण्यात आले आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. ज्याला स्वतःला रंगांधळेपणामुळे एका विद्येच्या दारातून परत फिरावे लागले होते, त्याला इतरांच्या अपयशाकडे पाहण्याची निराळी दृष्टी लाभली असावी. यंत्रातील एखादा भाग एका जागी बसला नाही, म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. माणसांच्या बाबतीतही त्यांनी हाच न्याय लावला. अस्पृश्यता त्यांनी मानली नाही आणि आपल्या वसाहतीतही तिला थारा दिला नाही.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगरांची आणि त्यांच्या सुट्या भागांची आवक रोडावली. देशी नांगराला अचानक मागणी आली. परंतु मागणी वाढली त्याच वेळी लोखंड आणि कोळसा दुर्मिळ झाले. भट्टीसाठी कोळशाऐवजी लाकूड वापरण्याचे प्रयोग झाले. लोखंडाचा प्रश्न मात्र नुसत्या युक्तीने सुटणारा नव्हता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील जुन्या, निकामी तोफा ओतकामासाठी दिल्या. एके काळी ज्यांनी रणांगणे गाजविली, त्या तोफा वितळून त्यांचे नांगर व्हावेत आणि त्यांनी जोंधळ्याची राने उलथावीत, यासारखे दृश्य आपल्या औद्योगिक इतिहासात दुसरे क्वचितच सापडेल.

युद्ध संपताना किर्लोस्करांच्या नांगराने आपले स्थान पक्के केले होते. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याची आणि मालाची माहिती ग्राहकापर्यंत पोचविणे, हा त्याचा आरंभीचा हेतू. त्यातूनच पुढे किर्लोस्कर, स्त्री आणि मनोहर ही मासिके मराठी घरांत पोचली आणि एका पिढीचे वाचन घडले. मराठी साहित्यात एवढी मोलाची भर घालणारी ही परंपरा नांगर वापरणाऱ्याशी संवाद साधण्याच्या गरजेतून जन्मली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारखान्यातून उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप असा माल बाहेर पडू लागला. १९२६ मध्ये पंपांच्या निर्मितीला सुरुवात झाली. अमेरिकेत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन त्याच वर्षी परतलेले चिरंजीव शंतनुराव यांनी पुढे या उद्योगाचा विस्तार केला. १९४६ मध्ये पुण्यात डिझेल इंजिनांची कंपनी स्थापन झाली. विहिरीवरच्या मोटेची कुरकुर थांबून इंजिनाची धडधड ऐकू येऊ लागली, ती या काळात.

लक्ष्मणरावांच्या आयुष्याच्या उत्तरार्धात एक घोर परीक्षा व्हायची होती. १९४८ च्या सुरुवातीला गांधीहत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात जी जाळपोळ झाली, तिची झळ किर्लोस्करवाडीलाही पोचली. निवडुंग तोडून उभारलेल्या कारखान्याला आग लावण्यात आली. लक्ष्मणरावांनी तेव्हा पंचाहत्तरी ओलांडली होती. चाळीस वर्षांच्या श्रमाची राख पाहणे कोणाच्याही काळजाचे पाणी करणारे होते. परंतु वाडी उठली नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि भट्ट्या पुन्हा पेटल्या. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांनी जगाचा निरोप घेतला. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

लक्ष्मणरावांचा नांगर आता जवळजवळ संग्रहालयात जाऊन बसला आहे. बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली. पाभरीच्या जागी लोखंडी पेरणी यंत्र आले. चाड्यावरच्या मुठीचे काम खाचा असलेले फिरते रूळ करू लागले. एवढेच नव्हे, तर ज्या नांगरटीसाठी त्यांनी आयुष्य वेचले, ती प्रत्येक वेळी हवीच काय, असा प्रश्न शेतकरी आणि शास्त्रज्ञ विचारू लागले आहेत. वरचेवर नांगरल्याने जमिनीतील सेंद्रिय द्रव्य घटते, ओल उडून जाते आणि डिझेल जळते ते वेगळेच. म्हणून आधीच्या पिकाचे धसकट तसेच ठेवून, न नांगरता थेट पेरणी करण्याची पद्धत पुढे आली. रायगड जिल्ह्यात नेरळजवळ विकसित झालेल्या सगुणा भात तंत्रात नांगरणी आणि चिखलणी दोन्हींना फाटा दिला जातो. उत्तर भारतात भातानंतर गहू थेट पेरला जातो. त्यासाठीचे यंत्र १९९० च्या दशकाच्या आरंभी पंतनगरच्या कृषी विद्यापीठात घडले. तेथे नव्याने सारे यंत्र रचले गेले नाही. आपल्याकडील पेरणी यंत्राचे रुंद फाळ काढून त्या जागी न्यूझीलंडच्या धर्तीचे, जमिनीत अरुंद चीर पाडणारे दाते बसविण्यात आले. परक्या मुलखातली कल्पना घ्यायची आणि ती आपल्या मातीला बेतून घ्यायची, ही लक्ष्मणरावांचीच रीत.

अशा यंत्रापुढच्या अडचणीही त्यांना ओळखीच्या वाटल्या असत्या. धसकट दात्यांत अडकून गोळा होते. मग दात्यांतील अंतर वाढवावे लागते किंवा पुढे काप घेणारी गोल तबकडी जोडावी लागते. ओल्या मातीने नळीचे तोंड बुजते आणि मागे वळून न पाहणाऱ्याची अख्खी ओळ बियाण्यावाचून जाते. पेरणीपूर्वी चाक ठरावीक फेरे फिरवून, खाली पडलेले बी वजन करून पाहिले नाही, तर एकरी बियाण्याचा हिशेब चुकतो. हंगाम संपल्यावर खताची पेटी रिकामी करून धुतली नाही, तर खत हवेतील ओल शोषते आणि पुढच्या मृगापर्यंत पत्रा गंजून जातो. झिजलेला दाता वेळेवर मिळाला नाही, तर लाखाचे यंत्र बांधावर उभे राहते. वाघोलीच्या सुतारनेटावर जे शहाणपण होते आणि किर्लोस्करवाडीच्या ओतशाळेत ज्याचा शोध चालला होता, तेच शहाणपण येथेही लागते.

यंत्र विकत घेता येते. ते चालते ठेवण्याची विद्या मात्र आपल्या मुलखात रुजवावी लागते. दोन वर्षे न विकलेल्या नांगरांकडे पाहताना लक्ष्मणरावांना शेतकऱ्याचा राग आला असता, तर ती गोष्ट तेथेच संपली असती. त्यांनी दोष शेतकऱ्यात न शोधता आपल्या अवजारात शोधला. वाघोलीच्या शिवारात आता पाभर फिरत नाही. पण त्याच नगर रस्त्याने आणखी तासभर पुढे गेले, की मृगाच्या पहिल्या पावसानंतर आजही पेरणीची लगबग दिसते. तेथे कुणी शेतकरी यंत्र थांबवून, खाली वाकून बुजलेली नळी मोकळी करताना दिसला, तर माळरानावरच्या त्या यंत्रकाराची आठवण अवश्य व्हावी.